मदत हवी आहे: गोकाकच्या धबधब्याचे फोटो मऊ (अस्पष्ट) का आले?

मंडळी, गेल्या रविवारी मी आणि माझा मित्र बेळगावहून मोटरसायकलने गोकाक फॉल्सला गेलो होतो. साठेक किलोमीटर, निम्मा रस्ता पावसात. घटप्रभा 52 मीटरवरून खाली येते आणि या दिवसांत पाण्याचा रंग थेट टपरीवरच्या चहाचा. मला ते रेशमी पाणी हवं होतं, म्हणून नवाकोरा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश 64 पट कमी करणारी गडद काच) घेऊन गेलो होतो.

साहित्य साधंच: क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, 18-55 किट लेन्स, हलका ट्रायपॉड. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ 11. फिल्टरशिवाय शटर 1/60 सेकंद येत होता, फिल्टर लावून 1 सेकंद. हिशेब बरोबर आहे ना?

अर्धे फोटो झुलत्या पुलावरून काढले. तो दोनशे मीटर लांब, आणि रविवार म्हटल्यावर माणसांची रीघ. तरी मी ट्रायपॉड रोवलाच. एक आजोबा जाता जाता "हुशार री" म्हणाले. मित्र हसला, "तुला शहाणा नाही म्हणाले, सांभाळ म्हणाले." (कानडी न येणाऱ्यांसाठी: हुशार म्हणजे जपून.) बाकीचे फोटो महालिंगेश्वराच्या देवळाकडच्या कातळावरून. तिथे तुषार थेट अंगावर.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघितलं तर एकही धड नाही. पुलावरच्या फोटोंत खडकाच्या आडव्या कडा दोन-दोन दिसतात, उभ्या मात्र बऱ्यापैकी ठीक. कातळावरच्या फोटोंत कडा दुहेरी नाहीत, पण सगळ्यावर दुधाची साय पसरल्यासारखी. आणि पाणी? रेशीम कसलं, पिठल्याचा गोळा. मित्राने मोबाइलवर सहज टिपलेले फोटो याहून चांगले आलेत, आणि ते तो करदंट (गोकाकची सुक्यामेव्याची मिठाई) खात खात दाखवतोय.

लेन्स बिघडली की माझंच चुकलं? येत्या रविवारी गोडचिनमलकीला जायचंय, तिथे मार्कंडेय नदी दोन टप्प्यांत कोसळते. तेवढ्यात सांगा.

प्रतिसाद

लेन्स ठणठणीत आहे. तुमचे दोन वेगळे घोळ झालेत. पूल चालणाऱ्यांच्या पावलांनी वर-खाली हलतो, म्हणून आडव्याच कडा दुहेरी. ट्रायपॉड पुलावर असेल तर तोही पुलाबरोबर नाचणार. तिथून काढायचेच तर फिल्टर काढा, आयएसओ वाढवा, 1/250 च्या वर शटर ठेवून हातातच धरा.

साय म्हणजे काचेवरचे तुषार. यूव्ही फिल्टरवरच (लेन्स जपायला लावतात त्या साध्या काचेवर) एनडी चढवला होता का? मग दोन काचांच्या मधेही दमट वाफ धरते. यूव्ही काढा, लेन्सवर टोपण ठेवून फ्रेम ठरवा, प्रत्येक फोटोआधी कोरड्या कापडाने पुसा. मित्राला छत्री धरायला लावा, करदंट नंतर. ट्रायपॉडवर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद.

हिशेब बरोबर आहे, पण गढूळ आणि एवढ्या जोराच्या पाण्याला 1 सेकंद फार. धारांचे पदर पुसले जातात. 1/4 करून बघा. त्याच फिल्टरवर आयएसओ 400 केलंत की तेवढंच येतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, फिल्टरचा रंग नंतर काढता येईल.

धागाकर्ता

यूव्हीवरच चढवला होता. आत्ता एनडी सोडवताना मधून थेंब गळला.