पत्त्यात & किंवा चौकटी कंस असले की टर्मिनलवरून फाइल उतरत नाही, काय करावे?

प्रश्न: ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडणारे काही दुवे डब्ल्यूगेट (wget) या टर्मिनलवरून फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रामला दिले की "[1] 4821" असे काहीतरी उमटते आणि हाती येते ती भलतीच, छोटीशी फाइल. ज्या नावांत चौकटी कंस आहेत, तिथे कर्ल (curl) हा तसाच दुसरा प्रोग्राम त्रुटी क्रमांक 3 दाखवून थांबतो. अवतरणचिन्हे घालूनही कंसांची अडचण कायम आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या "[1] 4821" मध्येच आहे. & हे चिन्ह दिसताच शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारी प्रणाली) तिथपर्यंतची कमांड पार्श्वभूमीत धाडते आणि तिचा क्रमांक छापते; त्यामुळे पत्त्याचा पुढचा भाग डब्ल्यूगेटपर्यंत पोचतच नाही. संपूर्ण पत्ता एकेरी अवतरणात ठेवावा. दुहेरी अवतरणात $ चा अर्थ शेल तरीही लावते, म्हणून मी ते टाळतो. पत्त्यातच एकेरी अवतरण असेल, तर त्याजागी त्याचे सांकेतिक रूप %27 लिहावे. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर मात्र दुहेरीच चालते, आणि बॅच फाइलमध्ये प्रत्येक % दोनदा लिहावा लागतो.

उत्तर २: कंसांच्या बाबतीत शेल निर्दोष आहे. [1-40] असे लिहून चाळीस फाइली एकदम मागवण्याची सोय कर्लमध्ये आहे, त्यामुळे अवतरणातून सुखरूप आलेल्या कंसांचाही तो तसाच अर्थ लावू पाहतो. 'ग्लोबऑफ' (--globoff) हा पर्याय दिला की ही सोय बंद होते.

प्रश्नकर्ता: दोन्ही उपाय लागू पडले, आभारी आहे. आता देवनागरी नावांची फाइल उतरते, पण डब्ल्यूगेट तिचे नाव अर्धे % चिन्हांचे आणि अर्धे अगम्य करून ठेवतो. दुव्यातले % मीच पुन्हा सांकेतिक रूपात (%25) बदलून पाहिले, तर 404 (फाइल सापडली नाही) ही त्रुटी आली.

उत्तर १: ते बदलू नयेत, आधीच्या %20 चे (मोकळ्या जागेच्या सांकेतिक रूपाचे) %2520 होते आणि त्या नावाची फाइल सर्व्हरवर नसते. नाव बिघडण्याचे कारण असे की यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि त्यांपैकी 128 ते 159 या टप्प्यात येणारे बाइट डब्ल्यूगेट नियंत्रक (न दिसणारी, सूचनावजा) चिन्हे समजून बदलतो. 'रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स' या पर्यायाला 'नोकंट्रोल' हे मूल्य द्यावे (--restrict-file-names=nocontrol). एकदोनच फाइली असतील, तर डब्ल्यूगेटचा मोठ्या अक्षरातला 'ओ' (-O) पर्याय वापरून नाव आपणच ठरवणे सोपे.