अनुभव धागा : बाहुल्यांच्या मोकळ्या प्रयोगासाठी प्रेक्षकांची तयारी कशी केलीत?

स्वमग्न मुले, अंधाराने किंवा गोंगाटाने बेचैन होणारी माणसे, स्मृतिभ्रंश झालेले ज्येष्ठ या सर्वांना नाटक पाहता यावे म्हणून काही प्रयोगांत प्रेक्षागृहातले दिवे मंद पण चालू ठेवतात, आवाज कमी करतात, दारे उघडी ठेवतात आणि उठण्या-बोलण्याची मुभा देतात. अशा प्रयोगालाच इथे मोकळा प्रयोग म्हटले आहे. ज्या विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत नाटक उभे केले आणि लाकडी बाहुल्याही घडवल्या, त्यांच्या या सांगलीत असा प्रयोग करताना किंवा पाहताना आलेले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

एक आई, विश्रामबाग

माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. आयोजकांनी आधीच पाठवलेल्या चित्रपुस्तिकेत प्रवेशद्वार, तिकीट पाहणारे काका, पायऱ्या, खुर्च्या आणि प्रत्येक बाहुली यांची छायाचित्रे त्याच क्रमाने होती, आणि शेवटच्या पानावर लिहिले होते, ‘नको वाटले तर बाहेर येता येते. पुन्हा आतही जाता येते.’ हे पान तो रोज काढून पाहत असे. मला काळजी होती ती घंटेची. म्हणून नाट्यगृहातली घंटा मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणली आणि घरी आधी अगदी हळू, मग थोडी मोठ्याने ऐकवली. प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा झाली तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले, पण जागेवरून न हलता तो स्पष्ट म्हणाला, “आता पडदा.”

एक बाहुलीकार

मुलांना बाहुलीपेक्षा तिच्यामागच्या काळ्या कपड्यांतल्या माणसाची भीती अधिक वाटते, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे आम्ही प्रयोगापूर्वी बाहेरच्या दालनात चेहरा उघडा ठेवून बसतो आणि काळा बुरखा मुलांसमोरच चढवतो. लांडग्याची बाहुली कोणाच्या तोंडाजवळ नेत नाही. ती मांडीवर निजवून ठेवतो आणि मूल आपणहून आले, तर जबडा हलवणारी दोरी त्याच्या हातात देतो. एवढे दाखवल्यावर गंमत उरत नाही, असा आक्षेप आमच्याच मंडळींनी घेतला होता. मला तो पटत नाही. कोकणातल्या पिंगुळी गावच्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात रामायणाचेच आख्यान असते आणि पुढे काय होणार हे समोरच्या सर्वांना ठाऊक असते, तरी माणसे बसून राहतातच.

एक शिक्षिका, मिरज

तयारी इतर प्रेक्षकांचीही करावी लागते, आणि माझ्या मते तेच काम अधिक अवघड आहे. शेजारचे मूल ओरडले की मागे वळून पाहणे, ‘श्श’ करणे हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. आम्ही तिकीट देतानाच प्रत्येकाला सांगितले की या प्रयोगात कोणी टाळ्या पिटील, कोणी रंगमंचापर्यंत चालत जाईल, आणि कोणालाही गप्प करावयाचे नाही. तीच सूचना पडदा उघडण्यापूर्वी एका बाहुलीच्या तोंडून दिली. ज्या पालकांना आजवर प्रत्येक समारंभातून मूल उचलून बाहेर यावे लागले, ते ही सूचना ऐकून खुर्चीला पाठ टेकून बसले, हे मी पाहिले आहे.

एक नातू, कुपवाड

आजोबांना स्मृतिभ्रंश आहे. दुपारचा प्रयोग आणि वाटेकडेची खुर्ची एवढेच मागितले होते. तेवढ्यावर ते शेवटपर्यंत बसले.

प्रकाशयोजना सांभाळणारा एक कार्यकर्ता

सावल्यांच्या बाहुल्यांचा प्रवेश उजेडात दिसत नाही, हा खरा पेच होता. आम्ही दिवे पूर्ण घालवले नाहीत, पडद्यामागचा दिवा अधिक प्रखर घेतला, आणि अंधार वाढण्याआधी सूत्रधाराने सर्वांसोबत मोठ्याने पाच आकडे मोजले. लखलखणारे दिवे वगळले. विश्रांतीच्या खोलीत सतरंजी, तक्के आणि पाणी ठेवले होते. मात्र तिथला पंखा खडखडतो का, नळ टपकतो का, हे आदल्या दिवशी दार लावून, आत काही वेळ शांत बसून तपासावे.