'पन्हाळा चढताना पाऊस आला' हे इंग्रजीत का चुकतं?

शाहूपुरी_क्लास: दहावीच्या निबंधांत "क्लाइंबिंग पन्हाळा, द रेन स्टार्टेड" अशी वाक्यं सतत येतात. चूक दाखवली की मुलं विचारतात, 'पन्हाळा चढताना पाऊस आला' हे मराठीत बरोबर, मग इंग्रजीत काय बिघडलं? डँगलिंग पार्टिसिपल, म्हणजे ज्याचा खरा कर्ता वाक्यात नाही असं '-इंग'सारखं रूप, कसं समजावावं? आणि "कन्सिडरिंग हिज एज, ही रन्स वेल" कसं चालतं?

मंगळवार_पेठ: मुलांनी मुळालाच हात घातलाय. मराठीत '-ताना', '-ल्यावर' या रूपांना स्वतःचा वेगळा कर्ता असू शकतो: 'आम्ही चढताना पाऊस आला.' तो गाळला तरी चालतं. इंग्रजीत सुरुवातीच्या '-इंग'ला ही मोकळीक नाही. त्याच्या आधी वेगळा कर्ता लिहिला नसेल, तर स्वल्पविरामानंतर येणारा कर्ता तोच त्याचा कर्ता. म्हणजे पन्हाळा चढतोय पाऊस!

मुलांना मराठीतलं '-ऊन' दाखवा. 'घरी जाऊन पाऊस आला' हे त्यांच्या कानाला लगेच खटकेल. '-इंग' बरंचसं तसंच वागतं. बरंचसंच, कारण 'हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं' मराठीत चालतं, पण "हिअरिंग धिस, टिअर्स केम टू माय आइज" म्हटलं की ऐकणारे अश्रू ठरतात. भाषांतरात पाय घसरतो तो इथे.

रंकाळाकाठ: तपासायला स्वल्पविरामानंतरच्या कर्त्यावर बोट ठेवायला लावा: ही क्रिया यानंच केली का? नसेल तर कर्ता बदला, "क्लाइंबिंग पन्हाळा, वी गॉट ड्रेंच्ड". नाहीतर पूर्ण उपवाक्य करा, "वाइल वी वर क्लाइंबिंग पन्हाळा, द रेन स्टार्टेड". नुसतं 'वाइल क्लाइंबिंग' केलं तर चूक तशीच राहते. मुलं हमखास तेच करतात.

कर्मणी प्रयोगावर विशेष लक्ष ठेवा. "हॅविंग रिटन द आन्सर्स, द पेपर वॉज सबमिटेड" यात लिहिणारा गायबच झाला. "बीइंग अ रेनी डे, द स्कूल वॉज क्लोज्ड" इथे सुरुवातीला 'इट' हवं: "इट बीइंग अ रेनी डे".

'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग' ही आता शब्दयोगी अव्ययांसारखी वापरली जातात. 'जनरली स्पीकिंग'मध्ये बोलणाऱ्याचा शेरा असतो. म्हणून त्यांना कर्ता शोधावा लागत नाही.

शाहूपुरी_क्लास: '-ऊन'ची तुलना उद्याच वापरतो. "मेड ऑफ लेदर, आय बॉट कोल्हापुरी चप्पल्स" हेही डँगलिंगच ना?

मंगळवार_पेठ: काटेकोर बोलायचं तर नाही सर. चप्पल वाक्यात आहे, फक्त विशेषण चुकीच्या जागी पडलंय, म्हणून ते मिसप्लेस्ड. "आय बॉट कोल्हापुरी चप्पल्स मेड ऑफ लेदर" केलं की झालं. डँगलिंगमध्ये खरा कर्ता वाक्यात नसतोच, तो आणावा लागतो.

अशी वाक्यं निदान हास्यास्पद वाटतात, म्हणून सापडतात. "स्टँडिंग निअर द गेट, द टीचर सॉ राहुल" हे जास्त फसवं. फाटकाजवळ राहुल उभा होता असं म्हणायचं असेल, तरी वाचणारा शिक्षकच तिथे उभे असल्याचं समजतो आणि काही चुकलंय अशी शंकाही येत नाही. सरावाला अशी वाक्यं जास्त द्या.