मदत हवी आहे: एमजीबीच्या २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी, हेड उघडू का?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये मिडलंड्सला राहतो. माझ्याकडे १९७२ ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर. चढावर ओढत नाही आणि आयडलिंगला थरथरते, म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी फुल चार्ज, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत.

आकडे पीएसआयमध्ये, १ ते ४ क्रमाने: १५५, ११५, ११०, १५०.
चमचाभर ऑइल घालून: १७०, १२०, ११५, १६५.

मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा. मला हे पटत नाही. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने २ आणि ३ चे आकडे चांगले उसळले असते. शेजारचे दोन कमी म्हणजे मधलं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील), असंच जो तो सांगतो. पाणी कमी होत नाही, ऑइलमध्ये फेस नाही. हेड उघडायलाच हवं का?

अजून एक. कार्ब्युरेटरची बटरफ्लाय (हवेची झडप) उघडी असली तरी स्टार्टर मारताना एसयूच्या आतला पिस्टन खालीच राहतो. त्याने आकडे चुकतात का?

प्रतिसाद १

दादा, पिस्टन हाताने उचलून धरा. पण पुढचा कार्ब्युरेटर १-२ ला आणि मागचा ३-४ ला हवा देतो, त्यामुळे फक्त मधले दोन पडण्याचं कारण तो नाही.

गॅस्केटवर इतक्यात शिक्का मारू नका. या इंजिनात २ आणि ३ चा एक्झॉस्ट पोर्ट एकच आहे. तिथे उष्णता जास्त, म्हणून तिथल्या एक्झॉस्ट वॉल्व्हना त्रास जास्त. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल १९९९ अखेर सर्रास विक्रीतून गेलं. जुन्या बिडाच्या हेडमधली सीट (वॉल्व्ह मिटल्यावर जिथे टेकतो ती कडा) त्या शिशाच्या थरामुळे टिकायची. आता सीट झिजते, वॉल्व्ह आत सरकतो, टॅपेटची फट (वॉल्व्ह आणि रॉकरमधली मोकळी जागा) संपते आणि वॉल्व्ह पुरता मिटत नाही. आकडे मात्र गॅस्केट गेल्यासारखेच दिसतात!

पुढून मोजून ४ आणि ५ नंबरचे वॉल्व्ह बघा. ५ पूर्ण दाबलेला असताना ४ मोजा, मग उलट. दोन्ही नंबरांची बेरीज नेहमी ९. थंड इंजिनाला फट १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. फट लावूनही आकडा चढला नाही, तर त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर गॅस्केट, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा, नाहीतर हवेच्या दाबाने इंजिन फिरतं आणि हात सापडतो.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. ४ आणि ५, दोन्हींत फीलर गेजचं सर्वांत पातळ पानही जात नव्हतं. फट लावल्यावर २ नंबर १४५ वर आला. ३ मात्र ११८ वरच, आणि हवा भरली की सायलेन्सरमधून स्पष्ट आवाज येतो. शेजारच्या भोकांतून काही नाही. म्हणजे हेड निघणारच, पण इंजिन जागेवर राहील. खूप हायसं वाटलं.

आता सांगा: शिसंविरहित पेट्रोलवर चालणाऱ्या कडक सीट फक्त मधल्या दोन एक्झॉस्टला बसवाव्या की चारही?