कॉलेजचं रँकिंग नोकरी देणारे खरंच बघतात का? नाशिककरांनो, अनुभव लिहा

कॅपचे, म्हणजे सरकारी ॲडमिशन प्रक्रियेचे राऊंड आले की घरोघरी एकच चर्चा, कुठलं कॉलेज कितवं. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगची यादी 2016 पासून येतेय, इंजिनिअरिंगला त्यात शिकवणं नि सोयीसुविधांना 30 टक्के, रिसर्चला 30, मुलं पास होऊन पुढे काय करतात त्याला 20, सगळ्यांना सामावून घेण्याला 10 आणि प्राध्यापक नि कंपन्यांच्या मताला 10. म्हणजे रिसर्च पेपर जास्त छापले की नंबर वर. पण इथल्या गोंदे गावातल्या प्लांटवर ट्रेनी घेणारा माणूस हे बघतो का? ज्यांनी मुलं घेतलीत किंवा जे स्वतः इंटरव्ह्यूला बसलेत त्यांनीच लिहा, ऐकीव नको. माझ्या भाचीची ॲडमिशन आहे म्हणून कळकळीने विचारतोय.

अंबड, मशीन शॉप
आमचं छोटं युनिट आहे, मोठ्या कंपन्यांचे पार्ट बनवतो, ट्रेनी मीच घेतो. बायोडेटावर कॉलेजचं नाव वाचतो, नंबर मला माहीतही नसतो. मुलगा आला की टेबलावर एक शाफ्ट ठेवतो, ड्रॉइंग देतो, त्यावर 25 जी6 (25 मिमीचं माप आणि त्यात किती फरक चालेल त्याचा कोड) लिहिलेलं असतं, आणि हातात साधा व्हर्नियर देतो, 0.02 मिमी लीस्ट काउंटवाला, म्हणजे त्याहून बारीक न मोजणारा. बहुतेक पोरं लगेच मापायला लागतात आणि 24.98 सांगून मोकळी होतात. गेल्या खेपेला एक मुलगी आली, तिने आधी ड्रॉइंग पाहिलं, टॉलरन्सचा, म्हणजे चालणाऱ्या फरकाचा चार्ट मागितला, 24.980 ते 24.993 असं काढलं आणि म्हणाली सर याच्यात 13 मायक्रॉनचाच, म्हणजे 0.013 मिमीचाच फरक चालतो, ह्या व्हर्नियरने नाही कळणार, मायक्रोमीटर द्या. तिला तिथेच सांगितलं सोमवारपासून ये. तिचं कॉलेज कुठल्या यादीत आहे की नाही मी आजपर्यंत विचारलेलं नाही. हां, एक मात्र करतो, ज्या कॉलेजची आधीची दोन पोरं चांगली निघाली तिथल्या सरांना फोन करून अजून कोणी आहे का विचारतो. आमच्यासारख्यांचं रँकिंग ते एवढंच.

सातपूर, एचआर
वरच्यांशी अर्धं सहमत. मोठ्या कंपनीत चित्र वेगळं असतं. आमच्याकडे कॅम्पसला कुठे जायचं ते हेड ऑफिस ठरवतं, तिथे रँकिंग, नॅकची (कॉलेजचा दर्जा तपासणारी संस्था) ग्रेड, एनबीए (इंजिनिअरिंगच्या कोर्सची मान्यता) आणि मागच्या वर्षी तिथून घेतलेली किती टिकली हे सगळं बघून यादी होते. त्या यादीत कॉलेज नसेल तर मुलगा कितीही हुशार असो आमची गाडी त्याच्या गेटवर जातच नाही. हे मला पटत नाही आणि मी मीटिंगमध्ये बोलतेसुद्धा, पण हजारो अर्ज आले की कुठेतरी चाळणी लागतेच असं उत्तर मिळतं. एकदा मुलं समोर बसली की मग नंबर कोणी काढत नाही, प्रोजेक्ट स्वतः केलाय का ते दोन प्रश्नांत कळतं. पालकांनी एक लक्षात ठेवा, एनबीए अख्ख्या कॉलेजला नसतं, एकेका ब्रांचला असतं, त्यामुळे आपल्या ब्रांचचं विचारा.

सिन्नर, सध्या पुण्यात आयटी
मी त्या गेटच्या बाहेरची. आमच्या कॉलेजला मोठी कंपनी आलीच नाही, पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र इंटरव्ह्यूला, दुसऱ्या कॉलेजला पहाटेच्या एसटीने जायचो तर तिथे आधी त्यांची मुलं, मग आम्ही. ऑनलाइन फॉर्मवर कॉलेज निवडायचं तर यादीत आमचं नावच नाही, ‘इतर’ टाकायचं, आणि पुढे उत्तरच येत नाही. फार लागायचं तेव्हा. मग टीसीएसची एनक्यूटी ही भरतीची परीक्षा दिली, ती कुठल्याही कॉलेजच्या मुलाला देता येते आणि तो स्कोअर दुसऱ्या कंपन्याही धरतात, त्यावर एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला लागले. पहिली नोकरी मिळेपर्यंत कॉलेज आडवं येतं हे खरंय. दुसऱ्या नोकरीच्या वेळी दीड तास इंटरव्ह्यू झाला, सगळे प्रश्न कामावरचे, कॉलेजचं नावही निघालं नाही.

नाशिकरोड
सरकारी भरतीचं कोणीच लिहीत नाही म्हणून. तिथे डिग्री मान्यताप्राप्त विद्यापीठाची हवी, बस. आपल्या गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाची डिग्रीसुद्धा एमपीएससीला चालते, माझ्या धाकट्या भावाने नोकरी करत तिथूनच बीए केलं आणि परीक्षा देतोय. बऱ्याच पीएसयूंत, म्हणजे सरकारी कंपन्यांत, इंजिनिअर म्हणून जायचं तर गेट परीक्षेचा स्कोअर बघतात.

इंदिरानगर, पालक
बाहेरदेशी जाणाऱ्यांसाठी थोडं. ब्रिटनने 2022 मध्ये हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसा काढला, त्यात जागतिक रँकिंगमध्ये वर असलेल्या परदेशी विद्यापीठाची डिग्री असली की हातात जॉब ऑफर नसतानाही जाता येतं. तिथे नंबर थेट कामाला येतो. इथे मात्र मुलाच्या ॲडमिशनला आम्ही कॉलेजात जाऊन प्लेसमेंट ऑफिसात बसलो. बोर्डावर सगळ्यात मोठं पॅकेज लावलेलं असतं, ते एकाच मुलाचं असतं. आम्ही विचारलं पॅकेजच्या यादीत मधल्या नंबरच्या मुलाला किती मिळालं, मेकॅनिकलला कोण कोण आलं, त्यातले पूल कॅम्पस किती. एका ठिकाणी सरांनी रजिस्टर उघडून दाखवलं, दुसरीकडे ब्रोशर हातात दिलं. रजिस्टर दाखवणारं कॉलेज यादीत बरंच खाली होतं, आम्ही तेच घेतलं. भाचीला घेऊन जा आणि तिलाच विचारू दे.