आंघोळीनंतर नडग्यांना खाज: बोअरच्या पाण्यामुळे का?

जुळे_सोलापूर: सासऱ्यांचं वय ६८. गड्ड्याची (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची) थंडी सुरू झाली की नडग्या, कंबर, दंड खाजवून हैराण होतात. आंघोळीनंतर तासाभरात जास्तच. पुरळ नाही, पण नख ओढलं की पांढरी रेघ उमटते. आंघोळ बोअरच्या कडकडीत पाण्याने, त्यात झाकणभर डेटॉल. दुपारी खोबरेल लावतात, फरक नाही.

चाटी_गल्ली: पुरळ नाही आणि रेघ उमटते, म्हणजे बहुतेक कोरडेपणाच. पहिल्यांदा डेटॉल बंद करा, त्याने त्वचा आणखी सुकते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. साबणाशी मिळून त्यांचा साका होतो आणि अंगावर बसतो. म्हणून साबण फक्त काखा, जांघा आणि तळपायांना. नडग्यांना साबण लागतच नाही. पाणी कोमट, आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका. शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घेता आले तर उत्तम.

खोबरेल चांगलंच आहे, वेळ चुकतेय. तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवून धरतं. सुकल्या अंगावर लावून काय अडवणार? टॉवेलने नुसतं टिपा (आपल्याकडचा कोरा टॉवेल आधी दोनदा धुऊन घ्या, खरखरतो) आणि अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. दोन्ही नडग्यांना मिळून चहाचा एक चमचा पुरतो. झोपताना पुन्हा. तळपायांना लावलंत तर मोजे घाला, फरशीवर म्हातारं माणूस घसरतं.

होटगी_रोड: खाज उठली की ओला गार पंचा पाच-दहा मिनिटं ठेवायचा आणि लगेच जेली. बर्फ थेट नको. लिंबू, खायचा सोडा तर अजिबात नको, खाजवून सोललेल्या जागी आग होते. नखं बारीक कापा. चादर टोचत असेल तर आत जुनं सुती धोतर घ्या.

जुळे_सोलापूर: मेडिकलवाल्याने खाजेची एक ट्यूब दिलीय, लावू का?

चाटी_गल्ली: नाव वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असेल तर ठेवून द्या. ही स्टिरॉइडं. नायट्यावर लावली तर चार दिवस बरं वाटतं, खाली बुरशी पसरत राहते आणि कडाही पुसट होतात, मग डॉक्टरलाही ओळखणं अवघड. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या, घरात दुसऱ्यालाही तेच, असं असेल तर खरूज; तेव्हा सगळ्या घराने एकाच दिवशी औषध घ्यावं लागतं.

हे सगळं करून दोन आठवड्यांत उतार नाही, डोळे पिवळे दिसले किंवा नवी गोळी सुरू झाल्यावर खाज आली, तर डॉक्टर गाठा. या वयात साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड तपासतात.

होटगी_रोड: आणि एप्रिल-मेमध्ये हा तेलाचा कार्यक्रम आवरता घ्या. तेव्हाची खाज बहुधा घामोळ्याची. तेलाने घामाची छिद्रं आणखी बुजतात. तेव्हा कॅलामाइन, सैल सुती कपडे आणि पंखा.