पुरळ टाळण्यासाठी बेव्हासिझुमॅब घ्यावं का?

मीनल, रावपुरा (वडोदरा): सासऱ्यांचा सिग्मॉइड कोलनचा (मोठ्या आतड्याच्या डावीकडच्या शेवटच्या भागाचा) कॅन्सर यकृतात पोचलाय. वय ७१. केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ, यांपैकी कुठल्याच जनुकात म्युटेशन (बदल) नाही, म्हणजे केमोसोबत सेटुक्सिमॅब, पॅनिट्युमुमॅब किंवा बेव्हासिझुमॅब यांपैकी एक औषध, तिन्ही रस्ते मोकळे. घरातले सगळे बेव्हासिझुमॅबच्या बाजूने आहेत: पहिल्या दोन्हींसारखे तोंडावर फोड येत नाहीत, शिवाय त्याचे भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतेजुळते पर्याय) स्वस्त पडतात. मला हे पटत नाही. गाठ डाव्या बाजूची आहे. जपानच्या पॅराडाइम चाचणीत अशाच रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) पॅनिट्युमुमॅबने ३७.९ महिने होतं, बेव्हासिझुमॅबने ३४.३. पुरळ येईल म्हणून हे सोडायचं?

सुधीर, दांडिया बाजार: मीनलताई, मध्यक म्हणजे तुमच्या सासऱ्यांचे महिने नव्हेत. आईला सेटुक्सिमॅब चालू होतं. बोटांची टोकं अशी चिरली की लसूण सोलता येईना, नखांच्या कडांना पू. उत्तरायणला थोडा वेळ गच्चीवर बसली तर दुसऱ्या दिवशी गाल भाजल्यासारखे लाल. हळदीकुंकवाला जाणं तिने सोडलं, आणि ते दुखणं फोडांपेक्षा मोठं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सेटुक्सिमॅब आणि बेव्हासिझुमॅब सारखेच ठरले होते, तेही सांगा ना.

मीनल: सारखे ठरले ते डाव्या-उजव्या सगळ्या गाठी एकत्र मोजल्या तेव्हा. वेगळं काढल्यावर डाव्या बाजूला सेटुक्सिमॅबच पुढे होतं. उजवी असती तर मी वादच घातला नसता.

कुंदा, निवृत्त नर्स, कारेलीबाग: सुधीरभाऊ, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण बेव्हासिझुमॅबचा त्रास दिसत नाही, एवढंच. बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं, क्वचित आतड्याला भोक पडतं. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे ते थांबवावं लागतं, जखम भरत नाही म्हणून. यकृतातल्या गाठी आकसून ऑपरेशनची वेळ आली तर हे आड येतं.

पुरळाचं म्हणाल तर ते उठायची वाट पाहायचीच नाही. पहिल्या डोसच्या आदल्या दिवसापासून मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टिरॉइड क्रीम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. पॅनिट्युमुमॅबवरच्या एका चाचणीत यामुळे मध्यम आणि तीव्र पुरळ ६२ टक्क्यांवरून २९ वर आलं. मीनल, सासऱ्यांना कधी हार्ट अटॅक, पक्षाघात?

मीनल: हो, अटॅक येऊन गेलाय. स्टेंट आहे.

कुंदा: मग हे ऑन्कॉलॉजिस्टला पहिल्यांदा सांग. बेव्हासिझुमॅबने रोहिणीत गुठळी व्हायचा धोका वाढतो, पासष्टीच्या पुढे आणि आधी अटॅक आलेल्यांत जास्तच.

सुधीर: स्टेंट असेल तर बेव्हासिझुमॅबचा आग्रह मी धरणार नाही. पण सेटुक्सिमॅबही नको. त्यात उंदराचा अंश असतो, आईला पहिल्याच सलाइनला थंडी भरून बीपी पडलं होतं. पॅनिट्युमुमॅब पूर्ण मानवी आहे, अशी रिॲक्शन कमी येते, आणि दर दोन आठवड्यांनी केमोच्याच दिवशी देता येतं.

कुंदा: पॅनिट्युमुमॅबने रक्तातलं मॅग्नेशियम मात्र जास्त घसरतं. स्टेंटवाल्याच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात. दर डोसआधी रक्त तपासून घ्या, आणि संपल्यावरही काही आठवडे.

सुधीर: आणि मीनलताई, बोटं चिरतील हे सासऱ्यांना आधीच सांगा. आईला कुणी सांगितलं नव्हतं.